मनवर मॅडमचं बिनकुलपाचं वाय-फाय

दिग्रसच्या बसस्टँडवर यवतमाळची गाडी वेळेवर येईल अशी आशा धरणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर भोळा. मी दोन्ही नाही. स्टँडसमोरच माझं मेडिकलचं दुकान आहे आणि गाड्यांचे स्वभाव मला गिऱ्हाइकांइतकेच पाठ आहेत. तरी त्या दिवशी यवतमाळला जाणं भाग होतं, म्हणून बाकावर बसून फोनशी चाळा चालला होता. तेवढ्यात वाय-फायच्या यादीत एक नवंच नाव दिसलं: ‘या बसा’. कुलपाचं चिन्ह नाही, पासवर्डची मागणी नाही. फुकटचं दिसल्यावर हात आवरणारा माणूस मी नव्हे. दाबलं. इंटरनेट काही सुरू झालं नाही, पण फोनवर आपोआप एक पान उघडलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बसलात? बरं झालं. आता शेजारच्याशी दोन शब्द बोला.’

शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. गोल चष्मा, पांढरी सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. नजर सरळ समोरच्या रसवंतीवर, पण ओठ हसू दाबून दाबून दमलेले.

“मले नुसतं पाह्यता कायले? बोला ना,” त्या म्हणाल्या. “लिहून तं देलं हाय.”

मग त्यांनी पिशवीतून चिवड्याचा जुना डबा काढला. आत मोबाइल चार्ज करायची बॅटरी होती आणि तिला रबरबँडनं बांधलेली, दोन बोटांएवढी एक काळी पट्टी. तिच्यावर इवलासा निळा दिवा लुकलुकत होता. “हा बोर्ड. याले आपून एक काम सांगायचं, हा तेच काम इमानानं करते. वाय-फाय याच्या पोटातच हाय. सध्या याचं काम एकच, लोकायले बसवायचं. पण याच्यात एका वेळी चौघंच बसतात. पाचवा आला का कोणीतरी उठा लागते.”

यवतमाळची गाडी आली, गेली. मी गेलो नाही. मनवर मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी.

मॅडम पुसदच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दिग्रसला भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहत होत्या. यजमान लवकर गेलेले, मुलगी उमरखेडला कॉलेजात प्राध्यापक. निवृत्त माणसं तुळस लावतात, तीर्थाला जातात किंवा नगरपरिषदेला अर्ज करतात. मॅडमनी वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न विकत घेतलं. त्यांच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण कधी दिसलं नाही. जळालेल्या बोर्डांचं तोरण मात्र बारा महिने असायचं. हिरवे, निळे, काळे, ओळीनं दोऱ्यात ओवलेले. वारा आला की ते टिकटिक वाजायचे. कोणी विचारलं तर एकेकाची ओळख करून द्यायच्या. “हा गजाननचा. याले तीन व्होल्ट पायजे होते, त्यानं मोटारीचे बारा पाजले. हा माह्या. हा बी माह्या. हा पुरा कोपरा माह्याच.” हे सांगताना त्यांना काडीची लाज वाटत नसे. उलट एखादी आजी नातवंडं मोजून दाखवते तसा चेहरा व्हायचा.

गजानन हा त्यांचा पुसदचा विद्यार्थी, आता इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. दुसरे रफीकभाई, बाजारातले टेलर. तिसरा मी. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं मॅडमच्या ओसरीवर जमायचो. आमची नावं तिथं कोणी घेत नसे. मी ‘मेडिकल’, रफीकभाई ‘शिलाई’ आणि गजानन ‘जिनिंग’. स्टीलच्या ग्लासातला चहा, वाटीत चिवडा, आणि मध्ये पाटावर वायरींचा गुंता. घरून बायको विचारायची, तिथं नेमकं काय करता? मी सांगायचो, शिकतो. ती म्हणायची, या वयात? पण रविवारी आठ वाजले की स्वतःच चप्पल पुढं सरकवून द्यायची. मी घरात नसलो की तिचाही रविवार बरा जात असावा.

बोर्ड निवडणं ही मॅडमच्या घरी फार गंभीर गोष्ट होती. आमच्यापैकी कोणी फोनवर एखादा बोर्ड दाखवून “मॅडम, हा घेऊ का?” म्हटलं, की त्या फोनकडे बघतच नसत. आधी माणसाकडे बघत. “काम सांगा. बोर्ड मंग.” हे त्यांचं पालुपद होतं.

माझीच गोष्ट घ्या. दुकानातल्या इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान मला घरबसल्या फोनवर दिसायला हवं होतं. उन्हाळ्यात वीज गेली की जीव टांगणीला लागतो. मी हौसेनं बाजारातला सगळ्यात भारी बोर्ड शोधून काढला. त्याला कॅमेरा होता, पडदा होता, तीसेक पिना होत्या.

“क्यामेऱ्यानं फ्रिजात काय पाह्यसान?” मॅडमनी विचारलं.

“तसं काही नाही, पण असलेला बरा.”

“तीस पिना कायले?”

“पुढंमागं लागल्या तर.”

“मेडिकल,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “पेशंटले सर्दी झाली, तं तुमी त्याले दुकानातल्या साऱ्या गोया देता काय? पुढंमागं लागतीन म्हनून?”

रफीकभाई इतके हसले की चहा सांडला. मग मॅडमनी मला एक दिवस फ्रिजसमोर स्टूल टाकून बसवलं. दर तासाला दार न उघडता थर्मामीटर बघायचा आणि काय कळलं ते सांगायचं. संध्याकाळी मला कळलं, की मला एकच आकडा हवा आहे, आणि तो वाढला तर कोणीतरी हाक मारायला हवी आहे. “मंग लहान बोर्ड घ्या. त्याले मोजमापाची एकच पिन असते. तुमचं दुखणं बी एकच हाय.” तो लहान बोर्ड अजून माझ्या फ्रिजवर बसलेला आहे. मागच्या मे महिन्यात वीज गेली तेव्हा त्यानंच मला लग्नाच्या मांडवातून उठवलं.

दुसरा नियम घर बघण्याचा. मुलगी देताना लोक घर बघतात, मॅडम बोर्ड देताना बघायच्या. रफीकभाईंना घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की खाली दुकानात दिवा लागायला हवा होता. त्यांनी बोर्ड आणला, जोडला, पण तो वाय-फायला काही केल्या लागेना.

“मॅडम, मोबाइल में तो फुल दिखता है,” रफीकभाई कळवळून म्हणाले. “इसको ही क्या बीमारी हुई?”

मॅडम छत्री घेऊन भर उन्हात त्यांच्या घरी गेल्या. आम्हीही मागं मागं. भाभींनी सरबत दिलं. ते पिऊन मॅडम गच्चीवर चढल्या, टाकीला प्रदक्षिणा घातली, खाली येऊन राउटरसमोर मांडी घालून बसल्या. मग उलगडा केला. रफीकभाईंच्या मुलानं नवा राउटर आणून त्याच्या लहरींच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त जोरात पळणारा पट्टा चालू ठेवला होता, जुना हळू पट्टा बंद करून टाकला होता. आणि या बोर्डांना तो हळू पट्टाच तेवढा दिसतो.

“लय जोरात पळनारं याले दिसतच नाही,” मॅडम म्हणाल्या. “मले बी नाही दिसत. म्हनून आमचं जमते.” आणि सरबताचा दुसरा ग्लास मागितला.

त्या इतक्या हसऱ्या, इतक्या मोकळ्या, पण एका बाबतीत दगडासारख्या पक्क्या होत्या. आपल्या कोणत्याही बोर्डाच्या वाय-फायला त्या पासवर्ड लावत नसत. एकदा गजाननने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. लहानपणी त्यांच्या शाळेत काचेच्या कपाटात विजेचं एक यंत्र होतं. हातानं दांडा फिरवला की ठिणगी पडायची, असं म्हणत. म्हणत, कारण कपाटाला कुलूप होतं आणि काचेवर पाटी होती: हात लावू नये. “सातवीवरी मी त्या काचेले नाक लावून उभी राह्यली. दांडा काही फिरवाले भेटला नाही. तवाच ठरवलं, आपल्या हातात जे येईन त्याले कुलूप नाही.” पुढं शिक्षिका झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटांची कुलपं काढून पाण्याच्या टाकीत टाकली, असं गजानन सांगतो. मॅडम म्हणायच्या, टाकीत नाही, विहिरीत.

हे सगळं सांगण्याचं कारण, मॅडमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बोर्ड याच हट्टावर उभा होता.

त्यांच्या वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला रोषणाई असते. त्या वर्षी समितीनं नागपूरहून डेकोरेशनवाला बोलवायचं जवळजवळ ठरवलं होतं. मॅडम बैठकीत उठून म्हणाल्या, चक्र आपण करू. पुरुषभर उंचीचं धम्मचक्र, चोवीस आरे, प्रत्येक आऱ्यात दिव्यांची पट्टी. आणि ते बघायला आलेल्या प्रत्येकानं आपल्या फोनवरून स्वतः फिरवायचं. वाय-फायचं नाव तेच, ‘या बसा’; त्यात शिरून फोनवरचं बटण दाबलं की उजेड एकेका आऱ्यातून पुढं सरकत पूर्ण फेरी घालणार.

समितीचे अध्यक्ष तुळशीरामजी म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, अत्यंत सावध गृहस्थ. ते म्हणाले, “मॅडम, पौर्निमेच्या दिवशी चक्र फिरता फिरता थांबलं, तं लोक काय म्हनतीन? चक्र थांबलेलं चांगलं दिसन काय?”

“नाही थांबनार.”

“अन् पासवर्ड नाही म्हनता. कोनी बी शिरीन.”

“शिरू द्या. विहाराच्या दारात आपून कोनाले नाव पुसतो काय?”

तुळशीरामजींनी मान डोलावली, पण डेकोरेशनवाल्याचा नंबर त्यांनी फोनमधून काढला नाही. मॅडमचा शब्द पणाला लागला होता, आणि आम्हा तिघांचाही आपोआप.

बोर्ड कोणता, यावर आम्ही दोन रविवार भांडलो. मॅडमचं शिकवणं मुरलेलं असल्यानं मी लहान बोर्डाच्या बाजूनं. दिव्यांच्या पट्ट्यांना एकच वायर पुरते, मग मोठा कशाला? पण या वेळी मॅडमच मोठ्याच्या बाजूनं होत्या. “लहान बोर्ड म्हंजे घरात एकटी बाई. तिनंच पोळी लाटायची, तिनंच शेकायची, अन् दारात कोनी आलं तं तिनंच उठायचं. मंग एखादी पोळी करपते, म्हंजे दिवे लुकलुकतात. मोठ्यात दोघीजनी असतात. एक लोकायले पाहीन, एक दिव्यायले.” आणि तसंच होतं, हे आम्ही दोन्ही बोर्ड लावून पाहिलं. लहान बोर्डावर कोणी फोन जोडला की चक्र डोळे मिचकावायचं, मोठ्यावर संथ चालायचं. गजाननने जिनिंगच्या भंगारातून लोखंडी सांगाडा आणला, रफीकभाईंनी आऱ्यांना पांढरं कापड शिवून चढवलं. मी दिवे चिकटवले, आणि मॅडमनी त्यातले निम्मे काढून पुन्हा चिकटवले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी उन्हाची धग उतरल्यावर वस्ती लोटली. शेजारच्या मांडवात खीर वाटणं सुरू झालं. वंदना झाली आणि चक्र लागलं. शुभ्र, शांत, एकेक आरा उजळत. लोकांच्या तोंडून ‘अहा’ निघालं ते मला अजून ऐकू येतं. तुळशीरामजींनी पहिलं बटण दाबलं. उजेडानं पूर्ण फेरी घातली. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, चौथ्यानं.

आणि चक्र थांबलं.

दिवे चालू होते, पण उजेड पुढं सरकेना. लोक फोन हातात घेऊन बटणं शोधत होते, ‘या बसा’ दाबत होते, आणि फोन म्हणत होते, जोडता येत नाही. कुजबुज वाढली. तुळशीरामजी खिरीच्या मांडवातून तरातरा आले आणि मॅडमसमोर उभे राहिले. गजानन सांगाड्यामागे वायरी तपासायला धावला. मॅडमचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. काचेला नाक लावून उभी राहिलेली मुलगी अशीच दिसत असेल.

त्यांनी चक्राच्या बोर्डाचा डबा उघडून त्यावरचा दिवा पाहिला. बोर्ड तर ठणठणीत होता. मग त्यांनी खिरीच्या मांडवाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“जागा भरल्या,” त्या म्हणाल्या. “चौघं बसले अन् उठलेच नाही!”

मोठ्या बोर्डातही एका वेळी चौघांचीच सोय ठेवली होती. हा आकडा थोडा वाढवता येतो, पण मॅडमनी तसाच ठेवला होता. त्यांचा हिशेब साधा होता: आपल्याकडच्या पंगतीत जेवण झाल्यावर कोणी पाटावर बसून राहतं का? माणूस उठतोच. पण फोन उठत नाही. चक्र फिरवून झालेली मंडळी फोन खिशात घालून हाकेच्या अंतरावर खीर खात होती, आणि त्यांच्या खिशात त्यांची जागा अडून बसली होती.

“मॅडम, पासवर्ड टाकून देऊ,” गजानन हळूच म्हणाला. “आपल्याच फोनवरून फिरवू. कोनाले समजत नाही.”

“मले समजते ना,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सरळ माइक हातात घेतला. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज होता. “ऐका! ज्यायचं चक्र फिरवून झालं, त्यायनं उठा! खीर खा, दोनदा खा, पन फोन काढा अन् ‘या बसा’तून भाईर निघा. पंगत हाय हे. पयली उठल्याबिगर दुसरी बसत नाही!”

हशा पिकला. लोक एकमेकांचे खिसे चाचपू लागले. एक कॉलेजची मुलगी सापडली, मग एक रिक्षावाला, मग मॅडमचा सख्खा भाऊ. चौथा काही सापडेना. शेवटी रफीकभाई अदबीनं तुळशीरामजींच्या जवळ गेले.

“साहब, जरा आपकी जेब?”

अध्यक्षांच्या सदऱ्याच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये ‘या बसा’ आरामात बसलेलं होतं. आधी ते गोरेमोरे झाले. मग सगळी वस्ती हसली, आणि त्यांना स्वतःलाही हसू आवरेना.

त्यानंतर जे झालं ती खरी पौर्णिमा. रफीकभाई चार चार जणांना पुढं बसवायचे, झालं की गजानन उठवायचा. पंगतीमागून पंगती. फोन नसलेल्यांना मॅडमनी आपला फोन दिला. एका थकलेल्या आजीनं बटण दाबलं, उजेड फिरताना पाहिला आणि विचारलं, “हे म्या फिरवलं?” मॅडम म्हणाल्या, “तुमीच. दुसरं कोन?” आजींनी आणखी दोनदा फिरवलं, आणि त्यांना कोणी उठवलं नाही.

खिरीची पातेली खरवडून झाली तेव्हा मी म्हणालो, “मॅडम, तुमचं राहिलं की.”

“मी वाढपी. वाढप्यायची पंगत शेवटीच असते,” म्हणत त्यांनी बटण दाबलं. चोवीस आरे एकामागून एक उजळले. मॅडम हात मागं बांधून चष्म्यातून बघत राहिल्या आणि फेरी पूर्ण झाल्यावर लगेच ‘या बसा’तून बाहेर पडल्या. पाळायचा नियम तर पाळायचाच, मग मागं कोणी असो नसो. मला त्या बाई फार आवडायच्या. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

पुढच्या वर्षी मुलीला बाळ झालं आणि मॅडमनी उमरखेडला राहायला जायचं ठरवलं. उमरखेड म्हणजे काही विलायत नाही, आम्ही एकमेकांना समजावत होतो, आणि कोणालाच पटत नव्हतं. त्यांना पोचवायला आम्ही तिघं स्टँडवर गेलो. तुळशीरामजीही आले होते, खिरीचा डबा घेऊन. मॅडमनी बोर्डांचं तोरण गुंडाळून पिशवीत घेतलं होतं. खिडकीची जागा मिळाली आणि मांडीवर तो चिवड्याचा डबा. आमच्या फोनवर ‘या बसा’ दिसलं. आम्ही चौघं शेवटचे म्हणून त्यात जाऊन बसलो. पान उघडलं: ‘बसलात? बरं झालं.’

गाडी सुरू झाली. मॅडमच्या शेजारी एक तरुण बाई येऊन टेकली होती. ती आपला फोन मॅडमना दाखवून काहीतरी विचारत होती. मॅडमनी खिडकीतून डोकं काढलं.

“कोनीतरी उठा रे! पाहुनी उभी हाय!”

आम्ही चार बाप्ये फोन हातात धरून नुसते उभे. कोणाचाही अंगठा हलेना. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, वळवायला लागला.

मग तुळशीरामजींनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि घसा खाकरून म्हणाले, “मी उठतो. मागच्या खेपी लय वेळ बसलो होतो.”

त्यांनी बटण दाबलं. खिडकीत त्या बाईचा चेहरा एकदम फुलला आणि ती फोनमधलं वाचून मोठ्यानं हसली. मॅडम तिच्याकडे वळल्या. डब्याचं झाकण उघडलं, बोर्ड तिच्या तळहातावर ठेवला आणि समजावून सांगायला लागल्या. आमच्याकडे पाठच होती. हात करायचंही त्या विसरल्या.

उरलेल्या आम्हा तिघांच्या जागा गाडी पुसद रस्त्याला लागल्यावर आपोआप मोकळ्या झाल्या.